एका तिकिटात दोघं

आमच्या बारामतीच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. गुडघे, शुगर आणि सुनांच्या कागाळ्या हे त्याचे नेहमीचे विषय. मध्यंतरी कुणीतरी टूम काढली, की रोज एक इंग्रजी अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराचा आपला सगळ्यात लाडका सिनेमा लिहायचा. सव्वीस दिवसांचा बेत होता, पण कुणाला दम निघेना, म्हणून अकरा दिवसांत सगळे झेडपर्यंत पोचले. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणाची अक्कल काढली नाही. एकानं नाव टाकलं की बाकीचे अंगठा दाखवून मोकळे. टी आला त्या दिवशी मी मुद्दाम ‘ठाणेदाराची ठुशी’ असं लिहिलं. लगेच तीन अंगठे आले, आणि एका निवृत्त डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी लिहिलं, की शेवट तर आजही डोळ्यांसमोर आहे. मी विचारलं, कोणता शेवट? साहेब तेव्हापासून ग्रुपवर दिसलेले नाहीत. मला त्यांची कीव आली, कारण त्या सिनेमाला दोन शेवट आहेत. एक पडद्यावरचा आणि एक आमच्या आईचा. त्या दुसऱ्यापायी आमच्या घरात काय महाभारत झालं, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आमचं घर सणसरात, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. तीन खोल्या, पुढं पडवी, मागं गोठ्यात दोन म्हशी आणि एक कायम रुसलेलं रेडकू. गळिताचा हंगाम सुरू झाला की घरात शांतता म्हणून मिळायची नाही. ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग दारावरून सरकायची, ट्रॅक्टरवाले गाणी लावून जायचे, आणि भवानीनगरचा भोंगा प्रत्येक पाळीला साऱ्या पंचक्रोशीवर ओरडायचा. मळीचा वास इतका, की पाहुणे नाकाला रुमाल लावून यायचे आणि आम्ही विचारायचो, सर्दी झाली का. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात पॅनवर होते. पॅन म्हणजे घराएवढं बंद भांडं, त्यात उसाचा पाक आटत आटत साखरेचा दाणा धरतो. दाणा नेमका केव्हा धरला हे काचेच्या तुकड्यावर थेंब घेऊन, दिव्याकडं धरून ओळखायचं, हे अण्णांचं काम. माणूस किडकिडीत, पण बोलायला बसला की भोंगासुद्धा ऐकू यायचा नाही. आई बोलण्यात त्यांच्या निम्मी. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे मेंढपाळांचं फिरतं बिऱ्हाड, घोड्यावर लादून कोकणाकडं चालू लागायचा, आणि दहा वर्षांची होईपर्यंत ती कुठल्याही छपराखाली सलग वर्षभर राहिली नव्हती. पुढं मेंढरं गेली, शेती आली, आणि तिला सणसरात दिली. त्या फिरतीतून ती एक विद्या शिकून आली होती. ती कोणती, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

रविवारी चार वाजता आमच्या पडवीत अक्षरमंडळ बसायचं. हे नाव सोपानरावांनी ठेवलेलं. सोपानराव कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते आणि मंडळाचे तहहयात अध्यक्ष, कारण बसायची एकमेव खुर्ची त्यांनी घरून आणली होती. दुसरे सभासद अण्णा. तिसरे, हे महाभारत झालं त्याच वर्षी नव्यानं आलेले वालचंदनगरचे कुलकर्णी साहेब. ते तिकडं यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. एकदा कामानिमित्त कारखान्यात आले, अण्णांशी सिनेमावरून वाद घातला, आणि वाद अर्धा राहिला म्हणून दर रविवारी फटफटीवरून यायला लागले. चौथी मी. मी तेव्हा बारामतीला अकरावीत होते, एसटीनं ये-जा करायचे, आणि मंडळाची वही माझ्या ताब्यात होती, कारण अण्णा आणि सोपानरावांचं अक्षर देवालाही लागलं नसतं आणि कुलकर्ण्यांवर कुणाचा भरवसा नव्हता. मलाही एक मत होतं. ते मी बऱ्याचदा भेळीच्या पुड्याला विकलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पद्धत अशी. क पासून सुरुवात करायची. एका अक्षराला एकच सिनेमा, त्या अक्षराचा राजा. ज्याचा सिनेमा त्यानं पहिल्या प्रसंगापासून ‘समाप्त’च्या पाटीपर्यंत पूर्ण गोष्ट सांगायची, हातवारे, मारामाऱ्या आणि रडण्यासकट. सगळ्यांचं सांगून झालं की मतदान. प्रत्येकापुढं बिनसाखरेचा चहा ठेवलेला असे आणि मधे साखरेचा डबा. ज्याची गोष्ट आवडली त्याच्या कपात आपला साखरेचा चमचा रिकामा करायचा. जिंकणाऱ्याच्या कपात चहा कमी आणि साखर जास्त होई, आणि तो त्यानं सगळ्यांदेखत संपवायचा, सोडायचा नाही. साखर आम्हाला काय कमी. अण्णा इतक्या वेळा जिंकले, की त्यांना आज जर डॉक्टरकडं नेलं असतं तर डॉक्टरनं आधी अक्षरमंडळालाच कोर्टात खेचलं असतं. आणि एक नियम सगळ्यांवर होता. न पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणून सांगितला आणि पकडला गेला, तर त्या माणसानं तंबूतल्या पुढच्या खेळाला पडद्याकडं पाठ करून बसायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या गावाकडं तोंड करून.

तेवढ्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठायची. ‘ख’ला एक अख्खा हंगाम लागला. सोपानरावांना ‘खंडू खिलारवाला’ हवा होता, कारण त्यातला बैल त्यांच्या मेव्हण्यासारखा दिसायचा, आणि अण्णा म्हणत की बैलानं बरं काम केलं म्हणून सिनेमा बरा होत नाही. ‘घ’ला ‘घराण्याची घंटा’ आणि ‘छ’ला ‘छबूची छत्री’ निवडून आली तेव्हा सोपानराव दोन आठवडे अण्णांच्या सायकलीला ओळख दाखवत नव्हते. शेवटावरून तर नेहमीच जुंपायची. एकाच सिनेमाचा शेवट अण्णा एक सांगायचे आणि सोपानराव भलताच. पण त्यावर मंडळाकडं तोडगा होता. आमच्याकडं सिनेमे यायचे ते फिरत्या तंबूतून, बाजारतळावर. त्या तंबूची रिळं तुटकी, जोडलेली, मागची पुढं लागलेली. त्यामुळं शेवट जुळेना की सोपानराव म्हणायचे, तुमच्या खेळाला वेगळं रीळ लागलं असंल, आणि प्रश्न मिटायचा. सिनेमाचा शेवट ज्या दिवशी जसा लागेल तसा, असं आमच्याकडच्या शहाण्यासुरत्या माणसांचं मनापासून मत होतं. मीही अकरावीपर्यंत हेच खरं मानत होते, आणि विज्ञान शाखेला होते.

आता त्या तंबूचं आणि आमच्या घराचं गणित सांगायला हवं. तंबू आणि गळीत एकाच हंगामाचे, दिवाळीनंतर येणारे. हंगामात अण्णांना रात्रपाळी, बाराला हजर. खेळ साडेनवाला. इंटरवल झाला की अण्णा उठायचे, सायकलीवर टांग मारायचे आणि पॅनकडं सुटायचे. सुट्टी त्यांची सोमवारी, आणि सोमवारी तंबू बंद. तेव्हा अण्णांनी त्या दिवसांत एकही सिनेमा इंटरवलच्या पुढं पाहिलेला नव्हता. पण अर्धं तिकीट वाया घालवणारा माणूस तो नव्हे. भाकऱ्या, भांडी आणि म्हशी उरकून आई इंटरवलला तंबूच्या दाराशी येऊन उभी राहायची. अण्णा बाहेर येताना तिकिटाचा तुकडा तिच्या हातात द्यायचे, ती आत जायची आणि बाकीचा सिनेमा संपवायची. दारावरचा माणूस बघून न बघितल्यासारखं करायचा.

आणि मग सकाळ. माझ्या लहानपणाचा सगळ्यात सुखाचा भाग विचाराल तर हाच. आठाला पाळी सुटली की अण्णा अंगाला पाकाचा गोड आंबूस वास घेऊन यायचे, चुलीपुढं पाटावर बसायचे. आई बाजरीची भाकरी थापत असायची, तव्यावर एक, निखाऱ्याला एक. अण्णा आधी त्यांचा अर्धा भाग सांगायचे, कारण तो तिनं पाहिलेला नसे. ठेच्याशी भाकरी खाता खाता ते दरोडा घालायचे, लग्नं मोडायचे, पोरगी पळवायचे, आणि इंटरवलला येऊन थांबायचे. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून म्हणायचे, “पुढं काय झालं?” आणि आई, हातावरची भाकरी न थांबवता, उरलेला सिनेमा सांगायची. एरवी चार वाक्यं न बोलणारी बाई तेव्हा अर्धा-अर्धा तास बोलायची. अण्णा मधे एकदाही तोंड घालायचे नाहीत. जगात दुसऱ्या कुठल्या माणसासाठी ते इतका वेळ गप्प बसलेले मी पाहिलेले नाहीत. हे दोन अर्धे जोडून अण्णा रविवारी मंडळात सांगायचे आणि साखर खायचे. नियमाला हे धरून नव्हतं, हे मला कळत होतं. पण आमच्या घरात एक सिनेमा दोघांनी पाहायचा असतो, असंच मला वाटत आलं होतं.

‘ठ’ची पाळी आली. अण्णांनी ‘ठाणेदाराची ठुशी’ काढली आणि त्या दिवशी माणूस असा काही रंगला, की रस्त्यावरच्या ऊसगाड्या थांबल्या. ठाणेदाराच्या बायकोची ठुशी हरवते, ठाणेदार तिच्यावरच संशय घेतो, सारं गाव तिला नावं ठेवतं. इंटरवलपर्यंत हे असं. मग पुढं. एके दिवशी पीठ काढताना तिला ठुशी पिठाच्या डब्यात सापडते, सासूनंच लपवलेली. ती कुणाला काही बोलत नाही. ठुशी पुसून गळ्यात घालते, सगळ्या गावातून तशीच चालत जाते आणि एसटीत बसून माहेरी निघून जाते. आठ दिवसांनी ठाणेदार साध्या कपड्यांत तिच्या दारात येतो. ती त्याला म्हणते, आधी भाकरी थापून दाखव. तो थापतो, त्याचा हात पोळतो, भाकरीला भोक पडतं, आणि ती हसते. समाप्त. सोपानरावांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी आपला चमचा अण्णांच्या कपात रिकामा केला, मीही केला. कुलकर्णी साहेबांनी मात्र चमचा डब्यातच ठेवला. म्हणाले, अण्णा, मी हा सिनेमा पुण्यात दोनदा पाहिलाय. त्यात भाकरी नाहीच. ती बाई विहिरीत उडी घेते, ठुशी ठाणेदाराच्याच घोड्याच्या खोगिरात सापडते, आणि तो तिच्या फोटोला ती घालतो. अण्णा हसले. सोपानराव म्हणाले, वेगळं रीळ. कुलकर्णी ड्रॉइंग काढणारे. त्यांना एका यंत्राची दोन टोकं जुळली नाहीत तर झोप लागायची नाही. त्यांनी तपास केला, तर तोच तंबू, तीच रिळांची पेटी तेव्हा इंदापूरच्या बाजाराला गेलेली. सोपानरावांना फटफटीवर मागं घालून ते इंदापूरला गेले.

पुढच्या रविवारी दोघं आले ते चहा यायच्या आधीच बसले. सोपानरावांचा चेहरा पाहून मला वाटलं, कुणी गेलं की काय. एका अर्थी गेलीच होती.

“अण्णा, बाई मरती,” सोपानराव म्हणाले. “आमी दोघांनी बघितलं. पेटीबी तीच, रिळंबी तीच.”

आई साखरेचा डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. अण्णांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी वही उघडून बसले होते आणि मनात म्हणत होते, की आता सांगून टाका, मी तिच्याकडून ऐकलं, चूक तिची. एवढं म्हणाले असते तर अर्धी लाज तरी वाचली असती.

“म्या बघितलाच न्हाय त्यो,” अण्णा म्हणाले. “इंटरवलला उठून पाळीला गेलो.”

“मग शेवट कुणी सांगितला?”

“कुणी न्हाय. माझा मीच रचला.”

कुलकर्णी साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाच चुकचुकल्यासारखं झालं आणि ते म्हणाले, जाऊ द्या, एक अक्षर सोडून देऊ. पण सोपानरावांना नियम प्यारा होता, आणि ‘खंडू खिलारवाला’चा बैलही ते विसरले नव्हते. पुढच्या शनिवारी तंबू परत आमच्या बाजारतळावर लागणार होता. अण्णांनी पाठ करून बसायचं ठरलं. अण्णांनी मान हलवली आणि कधी नव्हे तो बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

लोकांत हसं होणार याचं आम्हाला काही नव्हतं. आमचं घर त्या बाबतीत निर्लज्ज होतं. झालं ते दुसरंच. दुसऱ्या दिवशी अण्णा पाळीवरून आले, पाटावर बसले, भाकरी खाल्ली, तांब्या तोंडाला लावला आणि उठले. काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रागावले म्हणावं तर रागाचा एक शब्द नाही. आई नेहमीसारखी भाकरी थापत होती, फक्त आता त्या भाकरीचा आवाज फार मोठा येत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळची लवकरची एसटी पकडायला लागले, कारण त्या स्वयंपाकघरात बसवत नव्हतं. त्या दोघांचं एकमेकांशी जे काही बोलणं होतं, ते सगळं सिनेमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होतं, आणि तो आता बंद पडला होता. मला भीती वाटत होती ती हीच, की तो पुन्हा सुरूच होणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी आई धार काढत होती. मी रेडकू धरून उभी होते. न राहवून मी तिला विचारलं, की तू खोटं का सांगितलंस. तिनं हात थांबवला नाही.

“खोटं कुठलं? मला ठावंच न्हवतं काय झालं त्ये. मी झोपत हुते.”

“कुठं?”

“तंबूत. कवाबी. आत गेलं की पाच मिनिटांत.” मग म्हणाली, “घरात पाठ टेकली की कुणी ना कुणी हाक मारतंय. तू, तुजं अण्णा, न्हायतर म्हस. तंबूत कोण मारतंय हाक?”

ही तिची विद्या. मेंढरांच्या वाड्यावर, बें-बें आणि कुत्र्यांच्या ओरडण्यात, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसल्या बसल्या झोपायचं ती लहानपणीच शिकली होती. तास-दीड तास गोळीबार, टाळ्या, शिट्ट्या, रडणं, आणि ही त्यात गाढ. एकही शेवट तिनं पाहिलेला नव्हता. सकाळी अण्णांनी इतक्या हौसेनं विचारायचं, त्यांना काय सांगू, झोपले होते म्हणून? त्यामुळं ती भाकरी थापता थापता शेवट रचायची. मी मनात एकेक अक्षर मोजत गेले. ‘क’पासून ‘ठ’पर्यंत अण्णांनी जिंकलेले सगळे शेवट आईचे होते. त्यांत कुणी मरत नव्हतं, बाया माहेरी जात होत्या आणि कुणीतरी पोटभर जेवत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आधी मला हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं, की सतरा वर्षांत मी माझ्या आईला झोपलेलं पाहिलेलंच नाही. मी उठायच्या आधी ती उठलेली असायची, मी झोपल्यावर ती झोपायची, आणि मधे ती थकते का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. रेडकाच्या गळ्यात तोंड घालून मी रडले, आणि रेडकानं माझी ओढणी खाल्ली. अण्णांना सांगू नकोस, एवढंच ती म्हणाली.

शनिवारी अण्णांनी पाळी बदलून घेतली, आणि एरवी रात्रीच्या खेळाला न जाणारी मीही गेले. तंबूत मधोमध दोर बांधलेला असे, एका बाजूला बापये, एका बाजूला बाया, सगळे जमिनीवर. सोपानरावांनी शिक्षेसाठी आपली अध्यक्षीय खुर्ची मोठ्या मनानं आणली होती. ती अगदी पुढं, दोराच्या टोकाला, पडद्याकडं पाठ करून मांडली. अण्णा धुतलेला पांढरा सदरा घालून, नवरदेवासारखे तीत बसले. खेळ होता ‘डफवाल्याचा डाव’. पडदा उजळला आणि सगळ्या गावानं आधी अण्णांनाच टाळ्या दिल्या. अण्णांनी हात जोडले. पहिला अर्धा भाग ते लोकांची तोंडं बघत बसले. इंटरवलला भेळवाल्यानं त्यांना फुकट पुडा दिला, कारण त्यांच्यामुळं त्याचा धंदा वाढला होता. आणि इंटरवल संपता संपता आई आली. तिकिटाचा तुकडा हातात द्यायला त्या दिवशी कुणी दाराशी नव्हतं, पण दारावरच्या माणसानं तिला तशीच सोडली. ती बायांच्या पहिल्या रांगेत, दोराला लागून, माझ्या शेजारी येऊन बसली. अण्णांपासून पाच-सहा हातांवर. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढला, गुडघे जवळ घेतले आणि त्यांवर हनुवटी टेकली.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता, निळा, मग पांढरा, आणि ती झोपली होती. तोंड थोडं उघडं. मी अण्णांकडं पाहिलं. ते तिच्याकडंच पाहत होते. आधी त्यांना वाटलं असावं, डोळे मिटले आहेत, उघडेल. मग त्यांच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते मला नीट लिहिता येणार नाही. मी त्यांना काचेवरचा दाणा बघताना पाहिलं होतं. तसेच ते अगदी हलेनासे झाले. तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू झाली, तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या, आणि खुर्चीत पाठमोरे बसलेले अण्णा ताडकन उभे राहिले, ओठांवर बोट ठेवून साऱ्या तंबूला म्हणाले, गप. मारामारी चालू असताना. लोकांना वाटलं, हा माणूस वेडा झाला. कुणी हसलं, कुणी आणखी जोरात शिट्टी मारली, आणि अण्णा प्रत्येकाकडं बोट दाखवून, डोळे वटारून त्याला गप करत राहिले. सोपानरावांना वाटलं, बिचाऱ्याला निदान संवाद तरी ऐकायचे असतील, म्हणून ते उठून बापयांच्या बाजूनं गप्प बसवायला लागले. शेवटची पाच मिनिटं नदीवर डफ तरंगत राहतो, डफवाला बुडतो, आणि आमच्या तंबूत त्या दिवशी सुई पडली तरी ऐकू आली असती. ‘समाप्त’ आलं. मी आईला हलवून उठवलं. परतताना शेजारच्या बाया तिला चिडवत होत्या, की तुझा मालक सगळ्या तंबूला कशापायी दम देत होता गं. ती वाटभर पायांकडं बघत चालली.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा उजाडायलाच उठून पाटावर येऊन बसले. आईनं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली, तिघांचा चहा ओतला. तिचा नेहमीसारखा नावालाच गोड. अण्णांनी भाकरीला हात लावला नाही.

“पुढं काय झालं?” ते म्हणाले.

“कशाचं?”

“डफवाल्याचं. माजी पाठ हुती.”

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी तव्याकडं पाहत बसले. तिनं पिठाचा गोळा घेतला, हातावर फिरवला, परातीत ठेवला आणि थापायला लागली. भाकरी अर्धी झाली तेव्हा ती बोलली.

“डफवाला घरी येतो. बायकू झोपलेली असती. मग त्यो डफ खुटीला टांगतो. वाजवत न्हाय.”

“आन् मग?”

“मग काय. संपला.”

बाहेर ऊसगाड्या चालल्या होत्या. अण्णा उठले, फळीवरचा साखरेचा डबा काढला, एक चमचा भरून घेतला आणि तिच्या कपात टाकला. मागाहून मीही एक टाकला.

“मला इतकं ग्वाड चालत न्हाय,” आई म्हणाली.

“मत हाय त्ये,” अण्णा म्हणाले. “प्यावंच लागतं.”

तिनं भाकरीचा हात पदराला पुसला, कप उचलला, आणि आम्हा दोघांदेखत तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.